बॅटरी खातंय कोण

बल्ब काही पेटेना.

कानिफनाथ मिस्तरीने फटफटीची सगळी बटणं बंद केली होती. बॅटरीची एक वायर सोडवून मध्ये बारका बल्ब जोडला होता. कुठे वीज गळत असती तर तो मिणमिणला असता. पण छे, ढिम्म! वायर न् वायर चाचपून झाली, हॉर्न उघडून झाला. दोष असेल तर सापडेल ना!

आणि तरी दर बाजाराला चांगुणा बॅटरी पाटीत घालून मिरजगावला त्याच्या दुकानात हजर. बॅटरी मेलेली, ॲसिडनं पदराला भोकं पडलेली. तो चार्ज करून द्यायचा, पुढच्या बाजाराला पुन्हा तेच रडगाणं. दुकानापुढची रिकामटेकडी मंडळी दात काढायला लागली, "मिस्तरी, चार्ज करता का नुसतं धुऊन देता?" म्हणून तर आज चार्ज केलेली बॅटरी आणि हत्यारांची पिशवी सायकलला अडकवून तो थेट तिच्या वस्तीवर आला होता. त्याच्या नावाचा प्रश्न होता.

वस्ती म्हणजे माळावर एकच घर. शेजाराला बाभळी.

"मालक कुठं हायेत?"

"कारखान्यावर. गाडी बिघडली म्हनून आज यष्टीनं गेले. दिवेलागणीला येत्यात. रोज येत्यात," चांगुणा घाईघाईने म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

कानिफनाथ पुढच्या चाकाशी वाकला. चाकाच्या तारांपासून मडगार्डपर्यंत कोळ्याचं जाळं होतं. जुनं, धुळीनं जाड झालेलं. त्याने टाकीचं झाकण उघडून नाक लावलं. पेट्रोलचा वाससुद्धा नव्हता. आता बोला!

"ताई, ही फटफटी चालतच न्हाई."

चांगुणा दोन कप घेऊन दारात थबकली. आधी तिने रस्त्याकडे पाहिलं.

"दीड वरीस झालं, ते सोडून गेले. पुन्याकडं दुसरं घर केलंय म्हनं. ही तेवढी ठिवून गेले." तिने कप खाली ठेवले. "दिवेलागणीला मी हॉर्न वाजवते. गाडीचा दिवा लावून ठिवते घटकाभर. रस्त्यानं जानाऱ्याला वाटतं, घरात गडी हाय. माळावर एकल्या बाईनं ऱ्हायचं कसं, मिस्तरी?"

मग ती खाली मान घालून म्हणाली, "आन् खोटं कशाला बोलू? हॉर्न वाजला की घटकाभर मलाबी वाटतं, आले."

कानिफनाथला भडभडून आलं. त्याची बायको वारूनही सहा वर्षं झाली होती. दुकान बंद केल्यावर घरी जाणं त्याच्याही जिवावर येई. तो चहा प्यायला, वायर पुन्हा घट्ट आवळली, हॉर्न साफ करून बसवला. दिवस बुडाला होता. चांगुणाचा हात बटणाकडे गेला, तेवढ्यात त्यानेच हॉर्न दाबला. लांबलचक. मग दिवा लावला आणि सायकल काढली.

फाट्यावर आबासाहेब उभा होता. पलीकडच्या मळ्याचा मालक. माणूस पैशाने बरा, नजरेने नव्हे.

"काय मिस्तरी, वस्तीवरनं का?" त्याने लांबवर दिसणाऱ्या दिव्याकडे बोट केलं. "हॉर्न ऐकतो, दिवा बघतो. पन फटफटीची फटफट काय कधी ऐकू येत न्हाई. म्हनलं, एकदा रातच्याला जाऊनच बघावं."

कानिफनाथ सायकलवरून उतरला. न केलेलं काम केलं म्हणून सांगायची त्याला सवय नव्हती. उभ्या जन्मात सांगितलं नव्हतं.

"कशी ऐकू येईल, आबासाहेब? सायलेन्सर मीच बदलून दिलाय," तो म्हणाला. "आन् जायचंच आसंल तर जरूर जा. आत्ताच आल्यात मालक. मला च्या पाजल्याबिगर सोडलं न्हाई त्यांनी."