चव्वेचाळीस लाखांत दोन अक्षरं

“अगं, इकडे ये! हातातलं टाक आणि आधी हे बघ!”

प्रयोगशाळेतल्या मॅडम एवढ्या मोठ्याने ओरडल्या की क्षयरोग विभागातली सिस्टर गोळ्यांची पाकिटं हातात घेऊनच धावत आली.

पडद्यावर पाच ओळी होत्या. शहरातल्या पाच क्षयरुग्णांच्या नमुन्यांतून जंतू वाढवले होते, आणि मशीनने त्या जंतूंची जनुकं अक्षर न् अक्षर वाचून काढली होती.

“एकेका जंतूत चव्वेचाळीस लाख अक्षरं,” मॅडम म्हणाल्या, “आणि या पाचांत फरक किती? जास्तीत जास्त दोन! सख्खी भावंडं आहेत ही. पाचही जणांना आजार एकाच जागी लागलाय.”

“कसं शक्य आहे?” सिस्टर मटकन खुर्चीत बसली. पाचही घरं तिने स्वतः पालथी घातली होती. शाळेतल्या एक बाई, एक निवृत्त पोस्टमन, एक शिंपीण, एक बँकेतला कारकून आणि एक सहा वर्षांची मुलगी. राहायला शहराच्या पाच टोकांना. कोणी कोणाचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. मुलीच्या घरी तर बाकी सगळ्यांच्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या, तरी तिची आजी सुनेकडेच बोट दाखवत होती.

“जंतू थापा मारत नाही,” मॅडम म्हणाल्या. “आपलंच काहीतरी विचारायचं राहिलंय. लाव फोन.”

सिस्टरने शाळेतल्या बाईंना फोन लावला.

“एक मिनिट हं, सिस्टर. गाडी बाजूला घेते.”

सिस्टर ताडकन उठली. “बाई, गाडी कधी शिकलात तुम्ही?”

“गेल्याच वर्षी. बाजारामागच्या मास्तरांकडे. का हो?”

पोस्टमनकाका फोनवर खुशीत आले. “बासष्टाव्या वर्षी शिकलो! परीक्षेत दोनदा आपटलो, पण मास्तरांनी पिच्छा सोडला नाही.” शिंपिणीचे मास्तर तेच. कारकुनाचेही तेच. प्रत्येक होकाराला मॅडम टेबलावर थाप मारत होत्या.

राहिली मुलगी. फोन तिच्या आईने घेतला.

“हो, मी शिकले ना त्यांच्याकडे. पिल्लू मागच्या सीटवर बसायची. घरी कोणाकडे ठेवणार?” मग ती एकदम थांबली. “सिस्टर, म्हणजे माझ्यामुळेच?”

“तुम्ही गाडी शिकलात, आजार नाही दिलात,” सिस्टर म्हणाली. “सासूबाईंना मी स्वतः येऊन सांगते.”

दुपारी दोघी बाजारामागे पोचल्या. मास्तर गाडीची काच पुसत होते. पुसता पुसता वाकून खोकत होते.

“खोकला कधीपासून?”

“झाली दीड-दोन वर्षं. रस्त्यावरचा धूर, दुसरं काय.”

गाडीत काचा लावून गार हवा सोडायची त्यांची सवय होती, आणि प्रत्येक शिकाऊ माणूस महिनाभर त्यांच्या शेजारी बसायचा. खोकल्यातून उडालेले जंतू बंद गाडीच्या हवेत तरंगत राहतात आणि पाच जणांना आजार तसाच लागला असावा, हे सिस्टरने नीट समजावून सांगितलं. मास्तर बाजूच्या कट्ट्यावरच बसले.

“ती मागून ‘हॉर्न वाजवा, हॉर्न वाजवा’ म्हणणारी चिमुरडी? तिलासुद्धा?”

“औषधं चालू आहेत. वजन वाढतंय तिचं, बरी होईल. पण तुम्ही शिकवलेल्या सगळ्यांची नावं हवीत आम्हाला.”

मास्तर उठले, आत गेले आणि दोन वर्षांची वही घेऊन बाहेर आले. त्याच पावली ते दोघींबरोबर तपासणीला निघाले.

दीड महिन्याने मास्तरांच्या जंतूची अक्षरं आली. पाचांच्या अगदी मधोमध, प्रत्येकापासून फार तर एका अक्षराच्या फरकाने! मॅडम धावतच सिस्टरकडे आल्या. तोवर वहीतल्या नावांवरून आणखी तीन रुग्ण सापडले होते. त्यांतल्या दोघांना तर अजून खोकलाही लागला नव्हता.

मास्तर तेव्हा समोरच बसले होते. हातात गोळ्या, पाण्याचा पेला.

“सिस्टर, तुम्हाला गाडी येते?”

“नाही हो. भीती वाटते मला.”

मास्तरांनी गोळ्या एका घोटात गिळल्या आणि पेला खाली ठेवला.

“मग ठरलं. औषधांचे सहा महिने होईपर्यंत मी तुमचं ऐकतो. सातव्यात तुम्ही माझं ऐकायचं.”