टेबलावरचा आरसा

"अगं, पुन्हा बंद करून चालू कर! किती वेळा तेच सांगायचं?" कॉम्प्युटर कंपनीच्या मदत केंद्रात बसून तो मोबाइलवर बायकोवर खेकसला.

"केलं हो. पडदा काळाच राहतो, वर पांढरी ओळ येते आणि गाडी तिथंच अडते. माझी शिकवणी सुरू व्हायचीय, मुलं खोळंबलीत. अहो, जरा नीट सांगा ना."

"नीटच सांगतोय! तुझं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

तिनं फोन ठेवून दिला.

तो धुसफुसतोय तोच केंद्राचा फोन वाजला. जेवणाच्या सुट्टीमुळे तो एकटाच जागेवर होता. सवयीनं त्यानं टेबलावरचा छोटा आरसा पुढ्यात ओढला. चेहरा हसरा असला की आवाजही गोड येतो, म्हणून साहेबांनी प्रत्येकाला एकेक आरसा दिला होता. घरी बायकोजवळ त्यानं या आरशाची टिंगलही केली होती. आरशात बघून तो हसला.

"नमस्कार! बोला, काय अडचण आहे?"

"कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये," पलीकडून दबका आवाज आला.

"होतं असं, काळजी करू नका. एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिलाय का, बघता? असला तर काढा आणि पुन्हा चालू करा. सावकाश होऊ द्या, मी थांबतो."

थोड्या वेळानं पलीकडे कॉम्प्युटर सुरू झाल्याची धून वाजली.

"झाला का? छान! आणखी काही मदत करू?"

"अहो, संध्याकाळी येताना तेवढा तो आरसा घरी घेऊन या."