दांडीची पेटी

वेल्माने पाखरांना घरट्यासाठी लावलेल्या पेटीचं बाजूचं दार उघडलं आणि आतला गवताचा बोळा बोटांनी उचकला. वाळलं गवत, कोंबडीची पिसं, कुणाच्या तरी सदऱ्याची चिंधी. त्याच्याखाली निळपाखराची मादी. डोकं टोचून टोचून फोडलेलं. तिच्याखाली तिची अंडी, तीही फुटलेली. मारणाऱ्याने प्रेत बाहेर काढायची तसदीसुद्धा घेतली नव्हती. तिच्यावरच गादी घालून संसार मांडला होता.

मारणारा लांब नव्हता. पेटीच्या भोकाखाली एक दांडी होती, तिच्यावर बसून, गळ्याचा काळा डाग फुगवून तो वेल्माकडे बघत होता. चिमणा. आया पोरांना घास भरवताना दाखवतात, तीच ही जात. पण केंटकीच्या त्या खोऱ्यातला चिमणा म्हणजे असा गुंड, की शेरिफ आडवा आला तर त्यालाच म्हणेल, बाजूला हो.

समोर तारेवर निळा नर बसला होता. विटकरी छातीचा, पंखात एक पीस अर्धं निळं, अर्धं पांढरं. ईस्टरपासून वेल्मा स्वैपाकघराच्या खिडकीतून त्याला बघत भांडी घासायची, आणि एक बशी घासता घासता दुपार व्हायची. आत्ताही तो चोचीत किडा धरून बायकोला हाका मारत होता.

"काय झालं, वहिनी?" कुंपणापलीकडून हॉयटने विचारलं.

हॉयट तिच्या मेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. खोऱ्यात निळपाखरं म्हटलं की हॉयट. तो शीळ घालायचा आणि पाखरं त्याच्या तळहातावरून अळ्या खायची. एकदा तर प्रार्थना चालू असताना एक पाखरू चर्चमध्ये येऊन त्याच्या टोपीत बसलं, असं तो सांगायचा आणि पाद्रीबुवा नाही म्हणत नसत. वेल्माची ही पेटी त्यानेच दिलेली. पांढरा रंग लावून, खांबावर स्वतः ठोकून.

वेल्माने मेलेली मादी ओंजळीत घेऊन पुढे केली. हॉयटने 'च्च' केलं.

"नवशिक्यांचं असंच होतं. दांडी आहे ना! निळपाखरांना दांडी लागतच नाही, ती थेट भोकाला बिलगतात. दांडी आवडते चिमण्यांना. गुंडाला ओटा बांधून दिल्यावर तो बसणारच की."

वेल्माने त्याच्या कुरणाकडे पाहिलं. खांबाखांबावर पेट्या होत्या. एकीलाही दांडी नव्हती.

"ही तुम्हीच लावलीत, भाऊजी."

"शोभेला हो, वहिनी! बायकांना बरी दिसते." त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. "आणि या विधुराची काळजी नको. थोडा ओरडेल, मग येईल माझ्याकडे. माझ्याकडे सगळेच येतात."

 वेल्माने पाखरू ॲप्रनच्या खिशात ठेवलं आणि उरलेलं गवत उपसायला हात घातला.

"अहो, थांबा!" हॉयट ओरडला. आयुष्यभर लोकांना शिकवायची खोड, ती ऐन वेळी थोडीच सुटते! "आधी चिमणा पकडायचा, मग घरटं काढायचं. नुसतं घरटं उपसलंत तर पिसाळतो तो. जवळची पेटी गाठतो आणि आत असेल त्याचं डोकं फोडतो. चिमण्यासारखा सूड माणूससुद्धा घेत नाही."

वेल्माचा हात थांबला.

"जवळची म्हणजे कुठली?"

"म्हणजे..." हॉयटची नजर नकळत स्वतःच्या कुरणाकडे गेली. "असतील त्या."

"बरं झालं सांगितलंत. मी आपली नवशिकी."

त्या दिवसापासून वेल्मा सकाळी भट्टीत बिस्किटं टाकायची आणि ती फुगेपर्यंत पेटी झाडून लख्ख करायची. दांडीला मात्र तिने धक्का लावला नाही. उलट तेल पाजलं. चिमणा दिवसभर गवत वाहायचा, सकाळी घर पुन्हा मोकळं. आधी तो किंचाळला. मग पेटीच्या छपरावर थयथय नाचला. आणि मग, खोऱ्यातले म्हातारे आजही शपथेवर सांगतात, कुंपणाच्या काटेरी तारेवर चोच घासून त्याने धार लावली आणि पलीकडे गेला.

हॉयट आतल्या लांब विजारीवरच कुरणात धावत सुटला. एका हातात मासे धरायची जाळी, दुसऱ्या हातात पेटीचं निखळलेलं दार.

"वहिनी! तुम्ही घरटं काढताय!"

"स्वच्छता, भाऊजी. तुमचे थोरले नेहमी म्हणायचे, वेल्माच्या घरात काडी दिसायची नाही."

"अहो, माझ्या पेट्या! पिलं होती आत!"

"तुमच्याकडे सगळेच येतात ना? तोही आला."

ती पोर्चवरच्या झुलत्या खुर्चीत जाऊन बसली. हातात बर्फ घातलेला चहा. नवरा गेल्यापासून चहा इतका गोड लागला नव्हता. हॉयट कुरणात एका पेटीतून दुसरीत हात घालत होता आणि प्रत्येक वेळी मेलेल्यांसाठी टोपी काढत होता. वेल्मा झुलत राहिली.

मग तिला वाटलं, काहीतरी कमी आहे. तार रिकामी होती. निळ्या नराची हाक कधी थांबली, तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

चिमणा परत आला आणि दांडीवर बसला. चोचीत आज गवत नव्हतं. एक पीस होतं, अर्धं निळं, अर्धं पांढरं. मान वाकडी करून त्याने ते वेल्माला नीट बघू दिलं, आणि मग आत अंथरायला नेलं.