भिंतीमागची जागा

प्रांजलीनं बटण दाबलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर गॅस फुटला. पाइपच्या जोडातून लाल रंग निघाला आणि वाऱ्याबरोबर पसरत गेला. देवाजी खुर्चीच्या टोकावर बसून बघत होता. आपला पोरगा प्रवीण ह्यातच गेला, एवढं त्याला कळत होतं. बाकी डोकं बधिर. पंधरा दिवस झाले, डोळ्यांतून टिपूस नाही. रडायला काय मुहूर्त लागतो? पण नाही आलं रडू, त्याला तरी तो काय करणार.

"वारा कसा वाहतो त्याचं गणित आहे हे, काका," प्रांजली म्हणाली. गॅस कुठून कुठं गेला ते शोधायला कारखान्यानं तिला नेमलं होतं. तीही त्याच्यासारखी विदर्भातलीच पोर, म्हणून मराठीत समजावून सांगायला तिनं म्हाताऱ्याला रुआबांध्याच्या वस्तीतून बोलावून घेतलं होतं. "हे शेड, जेवायची जागा. चौघं इथं बसले होते. इथला गॅस वाऱ्यानं नेला, ते वाचले."

लाल रंग शेडवरून पातळ होत निघून गेला. पंपघराच्या भिंतीमागं मात्र तो वळला, गोल फिरला आणि तिथंच साचत राहिला.

"भिंतीमागं वारा पुढं सरकत नाही. जागच्या जागी फिरत राहतो. आणि ह्या गॅसला वास नसतो. प्रवीणला कळलंच नसेल."

ती जागा देवाजीला दाखवावी लागली नाही. रिटायर होईपर्यंत बावीस वर्षं त्यानं तिथंच बसून डबा खाल्ला होता.

"मग मले कावून काही झालं नाही?"

"तेव्हा गॅस फुटला नव्हता, काका."

खरंच की. एवढी साधी गोष्ट.

प्रांजलीनं एक कागद पुढं सरकवला. उद्या तो दुर्गच्या कोर्टात जाणार होता. शेड सोडून तिथं बसण्याचं कारण, असा एक रकाना होता. त्यात कारखान्याच्या साहेबांनी पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं, कामगाराचा निष्काळजीपणा.

"दुसरं काही कारण माहीत असेल तर सांगा. नाही तर हेच जाईल."

प्रवीण कामावर लागला त्या दिवशी देवाजीनंच त्याला बजावलं होतं. शेडात बसू नको, वाऱ्यानं कारखान्याची सगळी भुकटी वरणात येते, पंपघराच्या मागं बस. पोरगं हसलं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिथं बसायला लागलं होतं.

"मी सांगतलं होतं त्याले," देवाजी म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज परका वाटला. "तिथं वारा लागत नाही म्हणून."

प्रांजलीनं पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. मग म्हणाली, "हे नको लिहायला, काका. घरी काकूंना कळलं तर?"

"ते निष्काळजी खोडा, मॅडम. तसा नव्हता तो. लिहा, बापाचं ऐकून बसला होता."