आधी कोण गेलं?

“आधी कोण गेलं, तेवढंच सांगा मॅडम,” धाकटा भाऊ म्हणाला.

वहिनीची बहीण पलीकडे बसली होती. मधली खुर्ची दोघांनी मोकळी सोडली होती.

म्हातारा-म्हातारी बंद घरात मेलेली सापडली होती. मूलबाळ नव्हतं. घर म्हातारीच्या नावावर, आणि तिचं मृत्युपत्र असं: नवरा मागे राहिला तर घर त्याला, नाहीतर बहिणीला. ती आधी गेली असेल, तर घर नवऱ्याचं झालं आणि आता त्याच्या भावाचं. तसं सिद्ध झालं नाही, तर बहिणीचं. दोन्ही वकिलांचं एवढ्यावर मात्र एकमत होतं.

“दादा म्हणजे लोखंड होता,” भाऊ म्हणाला. “शेवटपर्यंत एक दात पडला नाही.”

“आमच्या ताईला साधं पडसं कधी झालं नाही,” बहीण म्हणाली. या संसारापायी ताईच्या तब्येतीचं मातेरं झालं, असं ती कालपर्यंत ज्याला त्याला सांगत आली होती.

डॉक्टरीणबाईंनी शवविच्छेदनाचा अहवाल समोर ओढला. “माणूस गेला की डोळ्याच्या गोळ्याच्या आतल्या पाण्यात पोटॅशियम वाढत जातं. त्यावरून आम्ही वेळ काढतो. पण ते काही घड्याळ नाही. उकाड्यानंसुद्धा आकडा हलतो. बाई झोपेतच गेल्या, शनिवारी. रविवार काही त्यांनी पाहिला नाही. गृहस्थ पलंगाशेजारी पडले होते. खुब्याचं हाड मोडलं, आतल्या आत रक्त गेलं. त्यांच्या वेळेचा अंदाज मात्र शनिवार दुपारपासून पार रविवार रात्रीपर्यंत पसरतो.”

“म्हणजे ते आधी गेले असतील?” बहिणीनं पदर सावरला.

“असतील. नसतीलही. मी शपथेवर काहीच सांगू शकणार नाही.”

बहिणीच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदाच सैल झाला.

“एक मात्र नक्की,” डॉक्टरीणबाई जरा थांबून म्हणाल्या. “पडल्या पडल्या नाही गेले ते. बराच वेळ शुद्धीवर होते. कुणी वेळेत पोचलं असतं, तर वाचले असते.”

दोघांनी माना खाली घातल्या. बहिणीनं डोळे टिपले. भावाची मान मात्र बराच वेळ वर आली नाही. तो खिशातला फोन काढून त्यात काहीतरी शोधत होता. आणि एकदम तो ताडकन उठला. त्याचा चेहरा उजळला होता.

“रविवार! हे बघा, रविवार!” त्यानं फोन डॉक्टरीणबाईंच्या नाकासमोर धरला. “सगळे दादाचे. सकाळी, दुपारी, हा दिवेलागणीचा... नीट बघा, वेळसुद्धा आहे. एकामागून एक मिस्ड कॉल!”

डॉक्टरीणबाई फोनकडे बघत राहिल्या. मग त्याच्याकडे. घर हातचं गेलं होतं, तरी बहीणही आता त्याच्याकडेच बघत होती.

“काय झालं?” त्यानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. “मी उचलला नाही, म्हणून काय झालं? माणूस जिवंत होता ना!”