कोरी डिश

"वायर काढलीस ना?" चष्मिसने पुन्हा विचारलं.

"काढून ड्रॉवरमध्ये ठेवली, बाई," धाकटी म्हणाली.

तरी डिश लुकलुकत होती.

वर्षभर कॉलेजच्या लॅबमध्ये खपून दोघी मैत्रिणींनी डिशमधलं हे यीस्ट घडवलं होतं. वीज लागली की हिरवं उजळणारं. इतकं हळवं, की धाकटीने वायरी बोटांत धरल्या तरी तिच्या काळजाच्या ठोक्यांबरोबर चमकायचं. बुधवारी परीक्षकांना हेच दाखवायचं होतं. पण शेजारची, वीज न दिलेली कोरी डिश अंधारीच राहायला हवी, नाहीतर सगळं मुसळ केरात. आणि सोमवारी दुपारपासून नेमकी तीच चमकायला लागली होती. एका लयीत.

"कुठूनतरी करंट झिरपतोय," चष्मिस म्हणाली. दोघींनी फ्रीज बंद केला, दिवे बंद केले. डिश टेबलावर ठेवली की विझायची. स्टीलच्या रॅकवर ठेवली की पुन्हा सुरू. रॅकचे जाड बोल्ट भिंतीत खोल गेलेले, उजेड मोजायचा कॅमेराही तिथेच पक्का बसवलेला. हलवायची सोय नव्हती.

घरी वेगळंच चाललं होतं. दादा कॉलेजला लागून असलेल्या हॉस्पिटलात नवा डॉक्टर. त्याची पहिलीच पेशंट, एक आजीबाई, गेली होती, तेव्हापासून तो धड जेवला नव्हता.

"डॉक्टर झालास, देव नाही झालास," आई म्हणाली. "चार घास खा."

धाकटीला त्याची कीव आली, पण तिचं सगळं चित्त त्या डिशमध्ये.

मंगळवारी लय मंदावली. दोन चमकांमधलं अंतर वाढत गेलं. अंधारात बघता बघता धाकटीच्या अंगावर काटा आला.

"बंद पड ग एकदाची," ती पुटपुटली.

बुधवारी सकाळी डिश विझलेली होती. चष्मिसने तिला मिठीच मारली. "सुंठीवाचून खोकला गेला!"

परीक्षक खूश झाले. संध्याकाळी दादा बघायला आला, दोन दिवसांनी पहिल्यांदा हसला, तिची पाठ थोपटली. मग रॅकला हात टेकून भिंतीकडे बघत राहिला.

"हे बोल्ट आमच्या बाजूला निघतात की. पलीकडे शवागार आहे."

"काहीतरीच तुझं."

"खरंच. आमचे कप्पे ह्यांच्यावरच बसवलेत." त्याने एका बोल्टवर बोट ठेवलं. "माझ्या त्या आजीबाईंना मीच तपासून इथे ठेवलं. सोमवारी दुपारी."