'पिलरी'चं उदाहरण

ईरा बँकेच्या परीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करत होती. "आजोबा, 'पिलरी' करणं म्हणजे एखाद्याची भर लोकांत नाचक्की करणं. एखादं उदाहरण सांगा ना."

कमलाकर गुरुजींना उदाहरण लगेच आठवलं, पण सांगवलं नाही. तीस वर्षांपूर्वी पाढे चुकले म्हणून त्यांनी सातवीतल्या मैनाला प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढे उभं केलं होतं, 'दगड' म्हटलं होतं. पोरं खूप हसली. मैना पुन्हा शाळेत आलीच नाही.

रविवारी गुरुजी महाडहून एसटीने गडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीला गेले. मैनाच्या पिठलं-भाकरीच्या टपरीवर गड बघायला आलेल्यांची गर्दी होती. गुरुजींना बघून ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"मैना, त्या दिवशी शाळेत मी तुला..." गुरुजींनी हात जोडले. जेवणारे वळून बघू लागले.

मैनाने पटकन त्यांचा हात धरला. "आत चुलीपाशी चला गुरुजी, काय बोलायचं ते तिथं बोला. हितं लोकांसमोर तुमची मान खाली गेलेली मला नाय बघवायची."